डोळ्यांचं ‘व्हिटॅमिन’ म्हातारपणी नजर वाचवतं का? कोणाला फायदा, कोणाचे पैसे वाया?

परदेशातून सुट्टीला आलेला मुलगा आईबाबांसाठी बॅगेत जे काही आणतो, त्यात हल्ली चॉकलेट-बदामांच्या जोडीला एक मोठी बाटली असते. लेबलवर डोळ्याचं चित्र, आत जाडजूड कॅप्सूल. ‘रोज दोन घ्या, नजर शाबूत राहील.’ इकडे फॅमिली ग्रुपवर मावशींनी गाजराच्या रसाचा व्हिडिओ टाकलेला असतो आणि कोणीतरी निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याची लिंक.

या सगळ्यातलं काही खरं असतं का?

असतं. त्या बाटलीमागे एक मोठा, नीट केलेला अभ्यास आहे. फक्त तो अभ्यास जे सांगतो आणि आपण जे समजून बसलो आहोत, त्यात बरंच अंतर आहे. हे अंतर माहीत नसलं तर दोन गोष्टी घडतात. ज्यांना गरज नाही ते वर्षानुवर्षं कॅप्सूल घेत राहतात. आणि ज्यांना डॉक्टरांकडे जायची खरी घाई असते, ते ‘आम्ही गोळ्या घेतोय की’ म्हणून घरी बसतात. या दुसऱ्या चुकीत नजर जाते.

आधी आजार समजून घेऊ

आपला डोळा कॅमेऱ्यासारखा आहे असं धरलं तर आतला पडदा, म्हणजे रेटिना, ही त्यातली फिल्म. या पडद्याच्या मध्यभागी साधारण साडेपाच मिलिमीटरचा एक भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. रंगाने तो पिवळसर असतो, म्हणून मराठीत त्याला पीतबिंदू असंही नाव आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, बसचा नंबर वाचणं ही सगळी बारीक कामं या एवढ्याशा जागेच्या भरवशावर चालतात.

वयाच्या पन्नाशीनंतर काही लोकांचा हा मॅक्युला झिजू लागतो. या आजाराला ‘एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन’ किंवा नुसतं ‘एएमडी’ म्हणतात. बाजूचं दिसणं शाबूत राहतं, त्यामुळे माणूस घरात फिरतो, जेवतो, पण नेमकं जिथे बघायचं तिथेच धूसर ठिपका येतो. दार उघडून नातू समोर उभा राहतो, त्याचे कपडे दिसतात, चेहरा दिसत नाही.

बाटलीवरच्या औषधाचा अभ्यास झाला तो या आजारासाठी. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर, डोळे कोरडे पडणं यांच्याशी त्याचा संबंध नाही. पहिली गल्लत इथेच होते.

आजाराच्या पायऱ्या कोणत्या?

एएमडी एका रात्रीत येत नाही. पडद्याखाली पिवळसर साठे जमायला लागतात, त्यांना ‘ड्रूझन’ म्हणतात. वय झालेल्या अनेकांच्या डोळ्यांत असे एक-दोन बारीक ठिपके असतात आणि त्याने काही बिघडत नाही. ठिपके थोडे वाढले की ती सुरुवातीची पायरी. एखादा ठिपका 125 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शापेक्षा मोठा झाला की ती मधली पायरी. गंमत अशी, की मधल्या पायरीवरही माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही.

त्यानंतरची पायरी गंभीर, आणि तिथे दोन वाटा फुटतात. एका वाटेने मॅक्युलाच्या पेशी हळूहळू मरत जातात. हा ‘कोरडा’ प्रकार. दुसऱ्या वाटेने पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या नाजूक असतात, पाझरतात, रक्तस्राव होतो. हा ‘ओला’ प्रकार. ओला प्रकार कमी जणांना होतो, पण तो काही आठवड्यांत नजर खाऊन टाकू शकतो.

पायऱ्यांचं हे गणित लक्षात ठेवा, कारण गोळीचं सगळं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

बाटलीमागचा अभ्यास काय म्हणतो?

अमेरिकेतल्या ‘नॅशनल आय इन्स्टिट्यूट’ या सरकारी संस्थेने 1992 पासून एका अभ्यासासाठी लोक निवडायला सुरुवात केली. त्याचं नाव ‘एरेड्स’. 55 ते 80 वयाचे 3,640 लोक एएमडीच्या भागात होते आणि सरासरी सहा वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. काहींना क आणि ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन, काहींना जस्त म्हणजे झिंक, काहींना हे सगळं एकत्र, आणि काहींना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत होतं, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना.

ऑक्टोबर 2001 मध्ये निकाल आला. मधल्या पायरीवर असलेल्यांत, तसंच एका डोळ्यात आजार गंभीर झालेल्यांत, एकत्र गोळी घेणाऱ्यांचा गंभीर पायरीवर जाण्याचा धोका साधारण 25 टक्क्यांनी कमी झाला.

जाहिराती हाच ‘25 टक्के’ आकडा उचलतात. तो खरा आहे, पण जरा उलगडून बघू.

अशा स्थितीतल्या शंभर लोकांना औषध नसलेली गोळी दिली, तर पाच वर्षांत साधारण 28 जणांचा आजार गंभीर झाला. खरी गोळी दिलेल्या शंभरांपैकी साधारण 20 जणांचा झाला. म्हणजे शंभरात आठ जण वाचले. नजरेच्या हिशोबात आठ माणसं ही फार मोठी गोष्ट आहे. पण उरलेले 20 गोळी घेऊनही घसरले, आणि 72 जण गोळी न घेताही त्या पाच वर्षांत घसरणार नव्हते, हेही तितकंच खरं.

आता सुरुवातीच्या पायरीवरचे लोक बघा. त्यांच्यात पाच वर्षांत गंभीर पायरी गाठणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम 1.3 टक्के होतं. तिथे गोळीचा फायदा दिसला नाही. आणि ज्यांना आजारच नाही, त्यांना गोळीमुळे तो होत नाही, असा कुठलाही पुरावा या अभ्यासातून मिळालेला नाही.

म्हणजे ही गोळी लस नाही. उतारावर निघालेल्या गाडीचा तो ब्रेक आहे, आणि तोही पूर्ण लागणारा नाही. गाडी सपाटीवर उभी असेल तर ब्रेक दाबून काय मिळणार?

जाता जाता, याच अभ्यासात मोतीबिंदूवरही लक्ष ठेवलं होतं. गोळीमुळे मोतीबिंदू थांबला नाही की लांबलाही नाही.

गाजरातलं द्रव्य गोळीतून का काढलं?

गाजर आणि डोळे ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. तिला बळ मिळालं दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडू लागले, तेव्हा ते भरपूर गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं, असा प्रचार सरकारने केला. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाला तर ‘कॅट्स आइज’ असं टोपणनाव मिळालं. खरं कारण होतं विमानात बसवलेलं रडार, आणि ते गुपित ठेवायचं होतं.

प्रचारात थोडं तथ्य होतं. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि त्याची कमतरता असेल तर रातांधळेपणा येतो. म्हणून तर आपल्याकडे लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो. पण कमतरता नसलेल्या माणसाने आणखी गाजरं खाल्ली म्हणून नजर तेज होत नाही.

एरेड्सच्या पहिल्या गोळीत 15 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन होतं. तोवर फिनलंडमधून एक धक्कादायक बातमी आलेली होती. तिथे 29 हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन देऊन कॅन्सर टळतो का, हे तपासलं होतं. 1994 मध्ये निकाल आला तो उलटा: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या अशाच एका अभ्यासात तोच प्रकार दिसला आणि 1996 मध्ये तो वेळेआधी थांबवावा लागला.

मग डोळ्यांची गोळी बदलायला हवी होती. डॉ. एमिली च्यू यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेड्स 2’ झाला, 4,203 लोकांवर, आणि 2013 मध्ये त्याचे निकाल आले. बीटा-कॅरोटीनच्या जागी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झिअॅक्सँथिन वापरून पाहिलं. मॅक्युलाला पिवळा रंग देणारी द्रव्यं ती हीच. नवी गोळी निदान जुनीइतकीच चांगली ठरली आणि कॅन्सरची भीती टळली. या अभ्यासातही बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला होता, आणि त्यातले बहुतेक पूर्वी सिगारेट ओढून सोडलेले लोक होते.

म्हणून घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा आधी ओढत असेल, तर ती बाटली आज उलटी करून बघा. घटकांच्या यादीत बीटा-कॅरोटीन असेल, तर ती त्यांच्यासाठी नाही. गाजर, भोपळा, आंबा ताटात खायला काही हरकत नाही. प्रश्न गोळीतल्या मोठ्या डोसचा आहे.

‘व्हिटॅमिनच तर आहे, नुकसान काय होणार?’

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. पण या गोळीत 80 मिलिग्रॅम झिंक आहे. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजच्या झिंकची सुरक्षित कमाल मर्यादा 40 मिलिग्रॅम मानली जाते, म्हणजे ही दुप्पट झाली. एवढं झिंक पोटात गेलं की शरीराला तांबं शोषता येत नाही आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून गोळीत मुद्दाम तांबंही घालावं लागतं. झिंक घेणाऱ्यांना मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती व्हायची वेळ जास्त आली, हेही त्या अभ्यासात नोंदवलं आहे.

ई जीवनसत्त्वाचा डोसही 400 युनिट, रोजच्या गरजेच्या कैक पट. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करू नये. ज्याचा आजार मधल्या पायरीवर आहे त्याच्यासाठी हा धोका पत्करण्यासारखा आहे. ज्याला आजारच नाही, त्याने तो कशासाठी घ्यायचा?

मग ताटात काय असावं?

ल्युटीन आपल्या मंडईत भरपूर आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ल्युटीन आणि झिअॅक्सँथिन मिळून साधारण 12 मिलिग्रॅम असतं, म्हणजे गोळीइतकंच. बाकीच्या हिरव्या पालेभाज्या, मका आणि अंड्याचा पिवळा बलक यांतही ते असतं. ही द्रव्यं स्निग्ध पदार्थाबरोबर चांगली शोषली जातात, तेव्हा भाजीवरची तेलाची फोडणी इथे कामाची आहे.

माशांची गोष्ट थोडी वेगळी. मासे खाणाऱ्यांत एएमडी कमी दिसतो असं अनेक पाहण्यांत आढळलं, म्हणून एरेड्स 2 मध्ये ओमेगा-3 च्या कॅप्सूलही देऊन पाहिल्या. त्यांचा फायदा झाला नाही. बांगडा, तारली ताटात असेल तर आनंदाने खा, पण त्याऐवजी कॅप्सूल घेऊन तोच परिणाम मिळेल असं धरू नका. दोन्ही एरेड्समधल्या लोकांच्या आहाराच्या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा भाज्या, फळं, डाळी, मासे जास्त आणि लाल मांस कमी खाणाऱ्यांचा आजार वाढण्याचा धोका कमी दिसला. अर्थात असे लोक एकूणच तब्येत सांभाळणारे असतात, तेव्हा सगळं श्रेय एकट्या भाजीला देता येत नाही.

गोळीपेक्षा मोठं काम करणारी गोष्ट

वय आणि घराण्यातून आलेली जनुकं आपल्या हातात नाहीत. जे हातात आहे त्यात सगळ्यात वर आहे धूम्रपान. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत एएमडीचा धोका न ओढणाऱ्यांच्या तुलनेत दोन ते चार पट असतो. सोडल्यावर हा धोका वर्षागणिक खाली येत जातो. बाबांसाठी महागडी बाटली आणण्यापेक्षा त्यांची सिगारेट सुटावी म्हणून केलेली खटपट त्यांच्या डोळ्यांना जास्त देऊन जाईल, आणि फुप्फुसाला व हृदयाला ते फुकटात मिळेल. रक्तदाब आटोक्यात ठेवणं आणि रोज चालणं हेही याच यादीत येतं.

भिंतीवरचं कॅलेंडर आणि वाकडी रेघ

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओल्या प्रकारावर आज चांगले उपचार आहेत. 2006 मध्ये अमेरिकेत रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन ते अडवतं. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली होती, त्यात वर्षभर दरमहा इंजेक्शन घेतलेल्या साधारण 95 टक्के लोकांची नजर टिकली किंवा अगदी थोडीच कमी झाली, आणि पूर्ण डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना आधीपेक्षा बरंच चांगलं दिसू लागलं. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं स्वस्त औषधही जवळपास तेवढाच परिणाम देतं, हे 2011 च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. इंजेक्शन डोळ्यात द्यायचं म्हटल्यावर भीती वाटते, पण आधी डोळा बधिर करतात आणि काम काही मिनिटांत होतं.

अडचण एकच, पडद्यावर एकदा व्रण पडला की गेलेली नजर इंजेक्शनने परत येत नाही. म्हणून आजार लवकर सापडायला हवा. आणि तो लवकर सापडत नाही, कारण आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून बघतो. एक डोळा बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो.

यासाठी डोळ्यांचे डॉक्टर चौकटी-चौकटींचा एक कागद देतात, त्याला ‘अॅम्सलर ग्रिड’ म्हणतात. मध्ये एक ठिपका असतो. जवळचा चष्मा लावून, एक डोळा हाताने झाकून, दुसऱ्याने ठिपक्याकडे बघायचं. मग डोळा बदलायचा. रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा एखादी चौकट गायब वाटली, तर काही आठवड्यांनी नाही, त्याच दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जायचं. कागद जवळ नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी, दाराची उभी कड किंवा फरशीच्या रेघा बघूनही सुरुवात करता येते. मात्र रेघा सरळ दिसल्या म्हणजे डोळा निरोगी असं समजू नका. आधी सांगितलं तसं, मधल्या पायरीवर काहीच जाणवत नाही. ते कळतं फक्त बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासला तर.

मोतीबिंदू, काचबिंदूचं काय?

भारतात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण आजही मोतीबिंदू आहे. 2015 ते 2019 दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अशा अंधत्वापैकी सुमारे दोनतृतीयांश त्याच्यामुळे असल्याचं दिसलं. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब नाहीत. उपाय शस्त्रक्रिया, आणि ती बहुतेकांची नजर परत आणते. कडक उन्हात टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरणं, मधुमेह सांभाळणं, आणि मेडिकलमधून मनाने आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्महिने न घालणं, हे टाळण्याचे मार्ग.

काचबिंदू गुपचूप नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कोणाला असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि मागची नस नियमित तपासून घ्यायची. मधुमेह असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवीच.

आणि तो निळा प्रकाश? मोबाइलच्या स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या आकाशातून येणाऱ्या प्रकाशापुढे फारच थोडा असतो. त्याने मॅक्युला झिजतो असा पुरावा नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या 17 चाचण्या 2023 मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा डोळ्यांचा थकवाही त्यांनी कमी होत नाही असंच दिसलं.

तर बाटलीचं करायचं काय?

फेकू नका आणि उघडूही नका. आधी आईबाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. थेंब घालून पडदा तपासल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘एएमडी आहे का, आणि असेल तर कोणत्या पायरीवर?’ उत्तर ‘मधली पायरी’ किंवा ‘एका डोळ्यात गंभीर’ असं आलं, तर बाटली डॉक्टरांना दाखवा, त्यातले घटक आणि चालू असलेली औषधं जुळतात का ते विचारा आणि ते म्हणतील तशी घ्या. उत्तर ‘नाही’ किंवा ‘अगदी सुरुवात’ असं आलं, तर पालक आणा, सिगारेट सोडवा आणि पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मग त्याच कॅलेंडरच्या चौकटींकडे एकेक डोळा झाकून बघायला आईला शिकवा. आठवड्यातून एकदा, दोन मिनिटं. पुढच्या वेळी ग्रुपवर गाजराचा व्हिडिओ आला, तर उत्तरादाखल हे पाठवा.